पोराच्या फोनकडे नको, संघातल्या रिकाम्या जागेकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही इंडियानापोलिसला राहता, चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या मित्रांनी तुम्हाला इंडियाना विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं वेड लावलं, आणि गेले आठ महिने तुम्ही हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या एका गार्डच्या, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूच्या, प्रत्येक बातमीवर डोळा ठेवून होता. तो विद्यापीठाच्या गावी, ब्लूमिंग्टनला येऊन गेला, आपल्या संघाचा पोशाख घालून त्याने फोटो काढले, अंदाज सांगणारे सगळे जाणकार म्हणत होते की हा आपलाच. आणि गेल्या आठवड्यात त्याने दुसऱ्याच कॉलेजचं नाव घेतलं. आपलं कुठे चुकलं, पुढच्या वेळी कुठल्या खुणा धरायच्या, आणि त्या रात्री तुम्ही त्याला जो मेसेज पाठवलात त्यात खरंच काही गैर होतं का, असं तुम्ही विचारलंय.

मी कोण ते आधी सांगतो. नागपूरला कॉलेज संपेपर्यंत खेळलो, 1999 साली शिकायला इंडियानात आलो आणि इथलाच झालो. 2003 पासून इथल्या एका सरकारी हायस्कूलच्या संघाचा असिस्टंट कोच आहे, उन्हाळ्यात क्लबच्या मुलांना घेऊन गावोगाव स्पर्धांना जातो. माझ्या हाताखालून गेलेल्या चार मुलांना डिव्हिजन वनच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतल्या, कॉलेजांनी स्कॉलरशिप दिली. कॉलेजचे कोच त्या चार घरांत भेटायला आले तेव्हा प्रत्येक वेळी मी तिथे टेबलाशी बसलेलो होतो.

पहिली गोष्ट. तुमचं वाचन फार चुकलेलं नव्हतं. तो पोरगा सप्टेंबरपर्यंत खरोखरच आपल्याकडे झुकलेला असावा. पण झुकणं म्हणजे येणं नव्हे, आणि ‘कमिट’ झालो म्हणणंसुद्धा येणं नव्हे. आपल्याकडच्या लग्नाच्या भाषेत सांगायचं तर तोंडी कमिटमेंट म्हणजे सुपारी फुटली, इतकंच. अक्षता पडतात त्या सही झाल्यावर. 1964 पासून ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा कागद होता. त्यावर मुलाने सही केली की इतर कॉलेजांनी त्याच्या मागे लागणं बंद करायचं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो कागदच रद्द झाला आणि आता थेट स्कॉलरशिपचा करार होतो. तुम्ही तर सुपारी फुटायच्याही आधी मांडव घातला होता. चाहत्यांचं ते होतंच, माझंही व्हायचं.

सुपारी फुटूनही लग्न मोडतं याचं सगळ्यात कडू उदाहरण आपल्याच संघाच्या इतिहासात आहे. इंडियानापोलिसच्या नॉर्थ सेंट्रल हायस्कूलचा एरिक गॉर्डन. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने शेजारच्या इलिनॉय विद्यापीठाला शब्द दिला. 2006 च्या मार्चमध्ये इंडियानाने केल्विन सॅम्पसन हा नवा कोच आणला, आणि त्याच ऑक्टोबरात गॉर्डनने शब्द फिरवून इंडियाना निवडलं. इलिनॉयचे चाहते वर्षभर त्याच्याभोवती संघ रचून बसले होते. 7 फेब्रुवारी 2008 ला तो त्यांच्या शॅम्पेन गावच्या मैदानावर खेळायला गेला तेव्हा त्याच्या हातात चेंडू येताच सगळं सभागृह हुर्यो करत होतं. सामना दोन जादा डावांपर्यंत ताणला गेला आणि इंडियानाने 83-79 असा जिंकला. मी तो टीव्हीवर बघत होतो. माझ्या खोलीत सगळे आनंदाने ओरडत होते आणि माझी नजर त्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

त्यानंतर दोन आठवड्यांत, 22 फेब्रुवारीला, सॅम्पसनला राजीनामा द्यावा लागला. कारण काय? फोन. शाळकरी खेळाडूंना किती फोन करायचे याची तेव्हा मोजदाद असायची. ओक्लाहोमात असताना त्याच्या स्टाफने नियमाबाहेर 577 फोन केले होते म्हणून एन.सी.ए.ए. या राष्ट्रीय संघटनेने त्याच्या फोनवर वर्षभराची बंधनं घातली होती. इंडियानात आल्यावर त्याच बंधनांच्या काळात पुन्हा शंभराहून अधिक फोन झाले. संघ विस्कटला. पुढच्या मोसमात नव्या कोचच्या, टॉम क्रीनच्या हाताखाली आपण 6 सामने जिंकलो आणि 25 हरलो. ज्या विद्यापीठाने 1976 साली एकही सामना न हरता विजेतेपद मिळवलं होतं, त्याची ही गत. आणि 2012 मध्ये एन.सी.ए.ए.ने पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये फोनची ती मोजदादच काढून टाकली. आज शाळेचं दहावं वर्ष संपल्यावर 15 जूनपासून कोच हवे तितके फोन, हवे तितके मेसेज करू शकतो. ज्यापायी आमच्या संघाची चार वर्षं गेली तो आता गुन्हाच राहिलेला नाही. हे मला अजूनही बोचतं.

आता खुणांकडे येतो.

तुम्ही ज्या फोटोंवर भरवसा ठेवलात त्यांना काडीचीही किंमत देऊ नका. मुलगा कॉलेज बघायला जातो तेव्हा प्रत्येक कॉलेज त्याला आपला पोशाख घालून, दिवे लावून, धूर सोडून फोटो काढतं. माझ्या एका विद्यार्थ्याकडे सहा कॉलेजांच्या पोशाखातले फोटो होते आणि सहाही फोटोंत तो सारखाच खुशीत दिसायचा, कारण त्याला फोटो काढून घ्यायला आवडायचं. पूर्वी कॉलेजच्या खर्चाने करायच्या अधिकृत भेटी पाचच असत, त्यामुळे एखाद्या कॉलेजला भेट दिली यालाच वजन होतं. 2018 मध्ये ती मर्यादा सैल झाली आणि 2023 मध्ये गेलीच. आता भेट म्हणजे दार बंद केलेलं नाही, एवढाच अर्थ.

तरी भेटींमध्ये एक बारकावा आहे तो सांगतो. पहिल्या भेटीपेक्षा दुसरी भेट बघा, आणि त्यातही स्वतःच्या खर्चाने केलेली. एखादी आई आठवड्याची सुट्टी टाकून, स्वतःच्या गाडीत पेट्रोल भरून, कुठलाही गाजावाजा न करता पोराला मंगळवारच्या साध्या सरावाला घेऊन आली, तर ती घरची माणसं खरंच विचार करताहेत. मोठ्या सामन्याच्या रात्री पहिल्या रांगेत बसणं म्हणजे जत्रेला जाणं. सराव बघायला जाणं म्हणजे सासर बघायला जाणं.

‘ऑफर’ या शब्दाचंही तसंच. मुलगा लिहितो, मला अमुक विद्यापीठाची ऑफर आली. कॉलेज एकाच जागेसाठी आठ-दहा जणांना ऑफर देतं हे त्यालाही ठाऊक असतं. त्यातल्या दोघा-तिघांनी आज फोन करून ‘येतो’ म्हटलं तर कोच त्यांना घेईल. बाकीच्यांनी म्हटलं तर ‘जरा थांब’ असं उत्तर येईल. माझ्या एका मुलाच्या बाबतीत हे झालं. ऑफर होती, त्याने होकार कळवला, आणि पलीकडून तीन आठवडे उत्तरच नाही. शेवटी कळलं की त्या जागी दुसऱ्या कॉलेजातून आलेला अनुभवी खेळाडू घेतला गेला होता. घरी पेढे वाटून झाले होते. त्याचे वडील ट्रक चालवायचे. आम्ही काही चुकीचं वागलो का, एवढंच त्यांनी मला विचारलं. काय सांगायचं?

अंदाज सांगणारे जाणकार खोटारडे नसतात हे मात्र लक्षात ठेवा. 247 स्पोर्ट्सचा ‘क्रिस्टल बॉल’ किंवा तशा इतर ठिकाणांवर नावाजलेले पत्रकार आपापला कौल देतात. ते असिस्टंट कोचशी बोलतात, क्लबच्या कोचशी बोलतात, घरच्यांशीही बोलतात. पण त्यांचा कौल हा त्या दिवसाचा असतो. आठ महिन्यांपूर्वी दिलेले दहा कौल तसेच पडून असतात आणि तुम्हाला वाटतं दहाच्या दहा जण आजही तेच म्हणताहेत. तारखा बघा. जुन्या दहा कौलांपेक्षा कालचा एक कौल अधिक बोलतो, आणि त्याहून अधिक बोलतं ते कुणी आपला कौल गुपचूप मागे घेणं. 2018 च्या जानेवारीत झायन विल्यमसनने कॉलेज निवडलं तेव्हा साउथ कॅरोलायनातलं घरचं कॉलेज म्हणून क्लेमसनचा बोलबाला होता. तो ड्यूकला गेला.

जाणकार मुलांना एक ते पाच तारे देतात, त्या ताऱ्यांविषयी मी जरा लांबण लावणार आहे, कारण याच ठिकाणी चाहते सगळ्यात जास्त स्वतःला दुःखी करून घेतात. पाच तारे म्हणजे हा मुलगा आज, सतराव्या वर्षी, आपल्या वयाच्या मुलांत कुठे उभा आहे आणि पुढे व्यावसायिक लीगमध्ये जाईल असं बघणाऱ्यांना वाटतं का, याचं उत्तर. तुमच्या संघाला तो किती सामने जिंकून देईल याचं ते उत्तर नाही. टॉम क्रीनचा पडता काळ संपवणारा मुलगा म्हणून आपण सगळे कोडी झेलरची वाट पाहत होतो. वॉशिंग्टन नावाच्या दक्षिण इंडियानातल्या गावचा हा पोरगा. गावची वस्ती बारा हजारांच्या आसपास आणि शाळेच्या जिममध्ये सुमारे सात हजार माणसं बसतात, यावरून काय ते समजा. थोरले दोघे भाऊ नोत्र दाम आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून खेळलेले. 2010 च्या नोव्हेंबरमध्ये त्याने नॉर्थ कॅरोलायना आणि बटलरला नकार देऊन इंडियाना निवडलं तेव्हा आमच्या शाळेच्या कोचच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ रडले होते. पुढच्याच वर्षी, 10 डिसेंबर 2011 ला, पहिल्या क्रमांकाच्या केंटकीला आपण शेवटच्या क्षणी ख्रिश्चन वॅटफर्डच्या फेकीवर 73-72 असं हरवलं.

पण त्याच संघात मेरीलँडहून आलेला, तीन ताऱ्यांचा, पहिल्या शंभरांतही नाव नसलेला एक गार्ड होता. व्हिक्टर ओलाडिपो. तो येणार म्हणून कुणी आठ महिने जागरणं केली नव्हती. 2013 च्या एन.बी.ए. ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, झेलर चौथा गेला आणि ओलाडिपो दुसरा. तसंच झायनचं. साउथ कॅरोलायनात तो ज्या क्लबच्या संघातून खेळायचा त्यातच जा मोरंट नावाचा काटकुळा गार्ड होता, ज्याच्याकडे मोठी कॉलेजं फिरकलीच नाहीत. मरे स्टेट या छोट्या कॉलेजचा एक असिस्टंट कोच दुसऱ्याच कुणाला बघायला गेला होता, खायला काही मिळतंय का बघत असताना बाजूच्या लहान जिममध्ये त्याला हा दिसला. 2019 च्या ड्राफ्टमध्ये झायन पहिला आणि मोरंट दुसरा! आणि बटलरचा गॉर्डन हेवर्ड तर तुमच्या घरापासून अर्ध्या तासावरच्या ब्राउन्सबर्गचा. त्याचा 2010 च्या अंतिम सामन्यात ड्यूकविरुद्ध अर्ध्या मैदानावरून फेकलेला चेंडू आत पडला असता तर बटलर राष्ट्रीय विजेता झालं असतं.

म्हणून, रिकाम्या जागा मोजा. हेच माझं मुख्य सांगणं आहे.

एक वही करा. त्यात संघातल्या प्रत्येक खेळाडूचं नाव, जागा आणि किती वर्षं उरली ते लिहा. अनेक वर्षं पुरुषांच्या संघाला 13 स्कॉलरशिप असत. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना संघात 15 जण ठेवता येतात. यातलं, तुम्हाला हव्या असलेल्या पोराच्या जागेवर आत्ता कोण खेळतंय? तो पुढच्या वर्षी असेल का? त्या जागेसाठी कोच अजून किती जणांशी बोलतोय? मी ऑगस्टमध्ये ही वही काढली तेव्हा मला दिसलं की तुमच्या लाडक्या गार्डपुढे आपल्याकडे दोन गार्ड उभे आहेत आणि दोघांचीही दोन-दोन वर्षं शिल्लक. त्याने निवडलेल्या कॉलेजात त्या जागेवरचे दोघंही यंदा शेवटच्या वर्षात आहेत. पोराच्या आईने एवढंच बघितलं असेल तरी पुरे. खेळायची मिनिटं मिळणार नसतील तर कुठल्याही झळाळत्या सभागृहाचा त्याला काय उपयोग?

दुसरी वही असिस्टंट कोचांची. मुख्य कोच टीव्हीवर दिसतो, पण पोराला रोज रात्री ‘आज गणिताची परीक्षा कशी गेली’ असं विचारणारा एक असिस्टंट असतो. त्या माणसाशी मुलाचं आणि घरच्यांचं नातं जुळतं. तो असिस्टंट दुसरीकडे नोकरीला गेला की मुलगा बहुतेक वेळा डळमळतो. मुख्य कोच बदलला तर विचारूच नका. आपल्याकडे 2025 च्या मार्चमध्ये डॅरियन डिव्रीज आला तेव्हा जवळजवळ सगळा संघ नव्याने, दुसऱ्या कॉलेजांतून आणून उभा करावा लागला.

हे ‘दुसऱ्या कॉलेजांतून’ प्रकरण तुम्हाला नीट समजलं पाहिजे, कारण शाळकरी मुलांच्या मागे लागण्याचं सगळं गणित त्याने उलटंपालटं केलंय. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. म्हणजे कॉलेज बदलायची इच्छा असलेल्यांची एक यादी. आधी बदलणाऱ्याला एक वर्ष बाहेर बसावं लागे. 2021 पासून एकदा न बसता बदलता येऊ लागलं, 2024 पासून कितीही वेळा. आता कोचपुढे दोन पर्याय असतात: सतरा वर्षांचा गुणी पोरगा, ज्याला घडवायला दोन वर्षं लागतील आणि तोवर तो निघून जाऊ शकतो, किंवा बावीस वर्षांचा दांडगा गडी, ज्याने कॉलेजच्या पातळीवर शंभर सामने खेळलेत. नोकरी टिकवायची चिंता असलेला कोच कुणाला घेईल? यात माझ्यासारख्या शाळेच्या कोचला सगळ्यात वाईट वाटतं ते मधल्या मुलांचं. पाच ताऱ्यांच्या मुलाच्या दारात सगळे उभे असतात. तीन ताऱ्यांच्या मुलाचा फोन वाजेनासा झालाय. आज ओलाडिपो सतरा वर्षांचा असता तर त्याला इंडियानाची ऑफर आली असती का, याचं उत्तर द्यायला मी कचरतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. 1 जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावता येतात, आणि 1 जुलै 2025 पासून कॉलेज त्यांना थेट पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षासाठी सगळ्या खेळांना मिळून प्रत्येक कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरची मर्यादा. ‘पोरं आता पैशाला भुलतात’ असं तुम्ही लिहिलंत. मी ज्या घरांत बसलोय तिथे वडील रात्रपाळी करायचे आणि आजीच्या औषधांचा खर्च भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असायचा. त्या मुलाने दोन आकड्यांतला मोठा आकडा निवडला तर तो भुलला म्हणायचं? तुम्ही इंडियानापोलिसची नोकरी घेतलीत तेव्हा पगार बघितलाच असेल.

आता मेसेज. तुम्ही तो मला जसाच्या तसा पाठवलात हे बरं केलंत. शिवी नाही, धमकी नाही. ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, तुला पश्चात्ताप होईल’ एवढंच. मी त्या मुलाला ओळखत नाही, पण त्याच्यासारख्याला ओळखतो. माझ्या एका मुलाने निर्णय जाहीर केला त्या रात्री तो माझ्या घरी जेवायला होता. फोन टेबलावर उलटा ठेवला होता आणि तो सारखा थरथरत होता. शेवटी माझ्या बायकोने तो उचलून पिठाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळे मेसेज वाचले. अभिनंदनाचे शेकडो होते, ते त्याला आठवत नाहीत. तुमच्यासारखे जे दहा-बारा होते ते त्याला आज, तिशीला आल्यावरही, शब्दशः पाठ आहेत. तुम्ही एकट्याने एक लिहिलात. त्याच्याकडे ते एकगठ्ठा पोचतात, मध्यरात्री, आणि तो एकटा असतो. हो, ते गैर होतं.

नियमांची बाजूही आहे. संघाला देणगी देणारा किंवा त्याच्याशी जोडलेला माणूस ‘बूस्टर’ ठरतो आणि त्याने भरतीसाठी मुलाशी संपर्क साधणं कॉलेजच्या अंगावर येऊ शकतं. 2009 साली रॅली शहरातल्या जॉन वॉल या अव्वल गार्डने आपल्याच गावच्या एन.सी. स्टेटला यावं म्हणून तिथल्या एका विद्यार्थ्याने फेसबुकवर गट काढला, तर विद्यापीठानेच त्याला ते बंद कर म्हणून पत्र पाठवलं. हेतू प्रेमाचाच होता. वॉल केंटकीला गेला आणि पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. तुमचे कोच तुमच्याशी या मुलांविषयी बोलत नाहीत यानेही तुम्ही चिडता. सही न झालेल्या मुलाविषयी त्यांनी जाहीरपणे काही बोलायचं नाही असा नियमच आहे. त्यांच्या गप्प बसण्यातून कुठलाही अर्थ काढू नका.

आणि समजा आला असता? रोमिओ लँगफर्डचं आठवा. इंडियानाच्या दक्षिण टोकाला न्यू अल्बनी, तिथला हा गार्ड. 1990 साली डेमन बेलीने 3,134 गुणांचा राज्याचा हायस्कूल विक्रम केला, तो बेली, ज्याला आठवीत असताना बघायला इंडियानाचा तेव्हाचा कोच बॉब नाइट स्वतः गेला होता आणि ज्याचा शाळेचा अंतिम सामना बघायला 41,046 माणसं जमली होती. त्यानंतर इतकं वेड मी लँगफर्डपुरतंच पाहिलं. त्याने 3,002 गुण केले. मी एकदा आमच्या तीन मुलांना घेऊन त्याचा सामना बघायला गेलो होतो. सामना संपल्यावर हा पोरगा घरी जाईना. टेबलाशी बसून, रांगेतल्या प्रत्येक लहान मुलाला सही देत राहिला. रांग जिमच्या दारापर्यंत गेली होती. आमचा नंबर आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, आणि त्याने आमच्या सगळ्यात धाकट्याला विचारलं की तू कुठल्या जागेवर खेळतोस.

30 एप्रिल 2018 ला त्याने शाळेच्या भरलेल्या जिममध्ये कॅन्सस आणि व्हँडरबिल्टला मागे ठेवून इंडियानाचं नाव घेतलं. पुढे? मोसमाच्या सुरुवातीलाच त्याच्या फेकण्याच्या हाताच्या अंगठ्याचा अस्थिबंध (लिगामेंट) फाटला, आणि तो तसाच खेळत राहिला. सामन्याला सरासरी साडेसोळा गुण काढले. संघ 19-16, राष्ट्रीय स्पर्धेत जागा नाही. लांबून फेकलेले चेंडू पडत नव्हते तेव्हा आपलेच चाहते त्याला काय काय बोलले ते मी ऐकलंय. अंगठ्याची शस्त्रक्रिया मोसम संपल्यावर झाली आणि मग सगळ्यांना कळलं. आठ वर्षांच्या पोरांसाठी दहा वाजेपर्यंत बसणारा तोच मुलगा होता तो. ड्राफ्टमध्ये बॉस्टनने त्याला चौदाव्या क्रमांकावर घेतलं आणि तो एका वर्षात गेला.

तुम्ही त्या गार्डला आता माफीचा मेसेज पाठवू का असंही विचारलंय. नको. त्यालाही तो उघडून वाचावा लागेल. त्याने निवडलेलं कॉलेज आपण खेळतो त्या बिग टेन गटातलंच आहे, त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात नाही तर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो आपल्या मैदानावर, असेंब्ली हॉलला खेळायला येईलच. तिकीट काढा, वरच्या मजल्यावरचं चालेल, सगळं मैदान दिसतं तिथून. जुलैत मी त्याचे दोन सामने बघितले. डावीकडून आत घुसताना तो अजून अर्धं पाऊल थांबतो, आणि बचाव करणारा उजवीकडे झुकला की मग निघतो. मागच्या वर्षी ते त्याला जमत नव्हतं. ते बघा.